दोन पाळ्यांच्या मधलं रक्त

"शेवटची पाळी कधी आली?" हा प्रश्न मी आयुष्यात जितक्या वेळा विचारला असेल, तितक्या वेळा नवऱ्याला हाकही मारली नसेल. स्त्रीरोगतज्ज्ञाचं सगळं काम या एका प्रश्नापासून सुरू होतं आणि गंमत अशी, की त्याचं सरळ उत्तर फार थोड्या बायका देतात. कोणी संकष्टीच्या आदल्या दिवशी म्हणते, कोणी नणंदेचा साखरपुडा होता तेव्हा म्हणते. एकीने तर "लाइट गेली होती बघा सबंध सेक्टरची, त्या दिवशी" असं सांगितलं होतं. मग आम्ही दोघी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसतो आणि हळूहळू एक तारीख ठरते.

पनवेलच्या जुन्या भागात, तळ्याच्या अंगाला माझं प्रसूतिगृह होतं. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा बाळंतपणं बंद केली. आता सकाळी दोन-तीन तास फक्त तपासणी. सुनंदा सिस्टर पहिल्यापासून माझ्याबरोबर आहेत. आम्ही दोघी बरोबरीने म्हाताऱ्या झालो. फक्त त्या ते मान्य करत नाहीत.

माझा दुसरा ठरलेला प्रश्न असतो, "दोन पाळ्यांच्या मधे काही जातं का?" याला तर उत्तरच मिळत नाही. बाई आधी दाराकडे बघते, मग मान हलवते. ती मान हो म्हणाली की नाही, हे ओळखायला मला बरीच वर्षं लागली.

हे मधलं रक्त म्हणजे काय, ते आधी सांगते, म्हणजे पुढची हकिकत समजेल. दर महिन्याला बीजकोशात एक अंडं पिकतं आणि साधारण दोन पाळ्यांच्या मध्यावर ते सुटतं. त्या सुमाराला अंगातलं एक हार्मोन एकदम खाली येतं. त्या खालीवर होण्यात काही बायकांच्या गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा जरासा भाग गळतो. गुलाबी नाहीतर तपकिरी डाग पडतो, कधी ओटीपोटात एका बाजूला दुखतं आणि एक-दोन दिवसांत सगळं थांबतं. हा आजार नाही. शरीर आपलं काम करतंय, त्याची ती खूण आहे.

पण मधल्या रक्ताला दर वेळी हेच कारण असतं असंही नाही. पाळी लांबवायच्या किंवा मूल थांबवायच्या गोळ्या चुकल्या, तांबी बसवली, गर्भाशयाच्या तोंडाशी जंतुसंसर्ग झाला किंवा मांसाचा छोटा कोंब वाढला, थायरॉइड बिघडलं, दिवस गेलेत आणि ते नीट नाहीत, अशी कितीतरी कारणं असतात. क्वचित कॅन्सरही असतो. म्हणून आधी तपासायचं आणि मगच "काही नाही, घरी जा" म्हणायचं. हे वाक्य उच्चारायला मला फार आवडतं. पण ते पहिल्यांदा म्हणायचं नसतं.

प्रणाली माझ्याकडे आली ती सासूबरोबर. पळस्प्याच्या पुढे एक गाव आहे, तिथलं आगरी घर. शेती गेली, मिठागरं त्याच्याही आधी गेली आणि त्या जागी तीन मजली बंगला उभा राहिला. प्रणाली सत्ताविशीची, बी.कॉम. झालेली, बारीक आवाजात बोलणारी. सासू मथुराबाई साठीला टेकलेल्या. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, आवाज असा की बाहेर रस्त्यावरच्या रिक्षावाल्याने वळून बघावं. लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं. बरोबर जाडजूड फाइल होती.

मी प्रणालीला प्रश्न विचारायची आणि उत्तर मथुराबाईंकडून यायचं.

"पाळी नियमित येते का?"

"तिला म्हयन्यातून दोनदा येतं, मॅडम. तेच तर मूळ हाय सगल्याचं. अंगात रक्तच ठरत नाय, तर पोर कुटनं ठरंल?"

"प्रणाली, दोन्ही वेळा सारखंच जातं का?"

"एक डाव जास्ती, एक डाव कमी," मथुराबाई म्हणाल्या.

मी सुनंदा सिस्टरांकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत आमची एक भाषा तयार झाली आहे. त्या लगेच म्हणाल्या, "मावशी, चला, तुमचं बीपी बघू या. या वयात बघितलेलं बरं." मथुराबाई नाखुशीने उठल्या. दार लागलं तशी प्रणाली खुर्चीत जरा टेकून बसली.

"मॅडम, दुसऱ्या वेळी फक्त डाग लागतो," ती म्हणाली. "एक दिवस, फार तर दोन. आधीच्या डॉक्टरांनी पाळी नियमित करायच्या गोळ्या दिल्या होत्या. गोळ्या चालू असल्या की नाही येत. बंद केल्या की परत."

मी फाइल उलटून बघितली. तिच्या नळ्या मोकळ्या होत्या, बीजकोश चांगले होते. नवऱ्याची तपासणीही झाली होती आणि तीही चांगली होती. इतकं सगळं चांगलं असलेली फाइल बघितली की मला बरं वाटत नाही. काहीतरी असं आहे जे कागदावर आलेलं नाही, एवढंच त्यातून कळतं.

"डाग लागला की घरात काय करतेस?"

"बाजूला बसते."

"म्हणजे?"

"मागे खोली आहे, कपडे धुवायच्या जागेजवळ. पाळीत पाच दिवस तिथे असते. डाग लागला की तेव्हापण. आमच्या घरात देवी आहे, मॅडम. आई फार कडक आहेत." मग मला वाईट वाटू नये म्हणून की काय, ती घाईने म्हणाली, "खोली चांगली आहे. पंखा आहे, टीव्ही आहे."

तीन मजली बंगला, खाली संगमरवर, आणि मागच्या बाजूला ही खोली. मी फक्त लिहून घेतलं. माझ्यासमोर बसलेल्या बाईच्या घरातले रिवाज पहिल्याच भेटीत खोडायचे नाहीत, हे मी या गावात शिकले. बाई दुसऱ्यांदा येतच नाही.

"डाग लागायच्या आधी तुला काही कळतं का?"

"हो. दोन-तीन दिवस आधी पांढरं जातं. चिकट, तार येते असं. ते दिसलं की मी आधीच बाजूला होते. मागे एकदा स्वयंपाकघरात असतानाच डाग लागला होता, तर आईंनी सगळं घर धुऊन काढलं. त्यामुळे शंका आली की मी मागे जाते."

मी पेन खाली ठेवलं. पांढरं, कच्च्या अंड्याच्या बलकाभोवती असतं तसं, तार धरणारं पाणी जातं ते अंडं सुटायच्या आधीच्या दिवसांत. दिवस राहायचे असतील तर तेच दिवस. त्यानंतर अंडं सुटतं, आणि हिच्या अंगाला सवय अशी, की अंडं सुटताना थोडा डागही लागतो. म्हणजे हिचं शरीर दर महिन्याला आतून ओरडून सांगत होतं, की आता, आता. आणि नेमकी त्याच वेळी ही मुलगी उशी उचलून मागच्या खोलीत जात होती. चार वर्षं.

मी तिला कागदावर चित्र काढून दाखवलं. ती बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिली.

"म्हणजे माझ्यात काही खराबी नाही?"

"तपासू. पण मला तसं वाटत नाही."

तिने डोळ्यांना पदर लावला. आणि मग हसलीही, कारण तिला तिच्या नवऱ्याची आठवण झाली असावी. "नितेशला सांगितलं तर तो डोकं धरून बसेल," ती म्हणाली. नितेश तळोज्याला कंपनीत शिफ्टमध्ये काम करायचा. उरलेल्या दिवसांतले बरेचसे त्याची रात्रपाळी खायची.

नियमाप्रमाणे मी तिची तपासणी केली. गर्भाशयाचं तोंड स्वच्छ होतं. तिथला नमुना घेतला, सोनोग्राफी केली, थायरॉइडला रक्त पाठवलं. पुढच्या भेटीत सगळे रिपोर्ट चांगले आले आणि मला माझं आवडतं वाक्य बोलता आलं. पण खरा प्रश्न दाराबाहेर बाकावर बसला होता.

मी मथुराबाईंना आत बोलावलं आणि तेच चित्र पुढे ठेवून जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगितलं. ही दुसरी पाळी नाही. अंडं सुटताना जातं ते हे. या दिवसांत तिला बाजूला बसवलंत तर नातवंड होणार कसं?

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मॅडम, तुमी शिकलेल्या. तुमचं खोटं हाय म्हनत नाय मी. पन रक्त ते रक्त. देवीला काय सांगू, ह्ये पाळीचं नाय, अंड्याचं हाय?"

"नाक फुटलं तर बसवता का बाजूला?"

"नाक आनि त्ये एकच का?" त्या म्हणाल्या, आणि बाहेर सुनंदा सिस्टर फिसकन हसलेल्या मला ऐकू आल्या. 

प्रणाली औषधाची चिठ्ठी घेऊन समोरच्या मेडिकलमध्ये गेली. तिला फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, बाकी काही नाही. मथुराबाई मात्र उठल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण आता मला पुढे झुकून ऐकावं लागलं.

"मॅडम, आनि ज्या बाईची पाळी जाऊन पाच-सा वर्सं झाली, तिला गेलं तर? त्येबी अंड्याचंच का?"

"नाही," मी म्हटलं. "पाळी गेल्यावर अंडं नसतं. कोणाला जातंय?"

"हाय एक. शेजारीन."

"शेजारणीला केव्हापासून जातंय?"

"झालं असंल वरीस. मधी मधी. जास्ती नाय."

"मथुराबाई, पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक डाग जरी लागला तरी तपासायला लागतं. बहुतेक वेळा साधंच निघतं काहीतरी. पण साधं आहे हे बघितल्याशिवाय कळत नाही. शेजारणीला उद्याच घेऊन या. मी वाट बघते."

"सांगते तिला," त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या.

शेजारीण दुसऱ्या दिवशी आली नाही. त्या आठवड्यात आली नाही. पुढच्याही नाही.

मी अस्वस्थ होते. नवीन पनवेलच्या एका शाळेत शिकवणाऱ्या बाई मला आठवत होत्या. माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांना दोन वर्षं रक्त जात होतं. पाळी जातानाचा त्रास असतो असं त्यांना सगळ्यांनी सांगितलं होतं. बहिणीने सांगितलं, स्टाफरूममध्ये सांगितलं, आणि त्यांनाही तेच ऐकायचं होतं. त्यांच्या शाळेची वेळ सकाळची, माझीही सकाळची, म्हणून सुट्टीत जाऊ, पुढच्या सुट्टीत जाऊ असं करत त्या आल्या. आमच्या हातात तेव्हा फारसं काही उरलं नव्हतं. त्यांच्या मुलीच्या दोन्ही बाळंतपणांना मी होते. दोन्ही वेळा तिने आईचा विषय काढला.

मथुराबाईंच्या घरी फोन करावा असं दहा वेळा मनात आलं. पण माझ्याकडे नंबर होता तो प्रणालीचा आणि मथुराबाईंनी मला जे सांगितलं ते सुनेला मेडिकलमध्ये पाठवून सांगितलं होतं. ती गोष्ट माझ्या तोंडून सुनेला कळणं बरोबर नव्हतं. तरी मी सिस्टरांना सांगितलं, की प्रणालीला पुढच्या तपासणीची आठवण करा आणि सासूबाईंना बीपीसाठी बरोबर आणायला सांगा. प्रणालीचा निरोप आला, "आई येत नाहीत म्हणतात."

आणि मग एका सोमवारी त्या दोघी आल्या. दार उघडून आत आल्या तेव्हा प्रणालीने सासूचा दंड धरला होता. खुर्चीवर मथुराबाई बसल्या आणि सून मागे उभी राहिली. या वेळी प्रश्न मी सासूला विचारले आणि उत्तरं सुनेने दिली.

काय घडलं ते प्रणालीने मला नंतर सांगितलं. मागच्या खोलीच्या खिडकीतून कपडे धुवायची जागा दिसते. तिथे घरातले उठायच्या आधी सासू स्वतःचे कपडे एकटी धुते, हे ती कितीतरी महिने बघत होती. घरात मशीन आहे, कामाला बाई आहे, आणि सासू कोणाला हात लावू देत नाही. पहिल्यांदा तिला काही कळलं नाही. मग एकदा दगडावरून वाहणारं पाणी लाल दिसलं. पण बोलायचं कसं? ज्या बाईने आपल्याला या खोलीत बसवलंय, तिला कसं सांगायचं, की मला तुमचंही माहीत आहे? तिने कोणालाही, नितेशलासुद्धा, सांगितलं नाही.

माझ्याकडून चित्र बघून गेल्यावर तिला स्वतःच्या डागाची भीती राहिली नाही. तेव्हा सासूच्या डागाची भीती वाटायला लागली. पुढच्या पाळीत ती मागच्या खोलीत बसली असताना सासू पुन्हा तशीच धुवायला आली. तेव्हा प्रणाली दारात जाऊन उभी राहिली.

"आई, इकडे माझ्याजवळ येऊन बसा," ती म्हणाली. "तुम्हाला जातंय, मला माहीत आहे. मी कोणाला बोलले नाही."

मथुराबाईंनी आधी तिला झिडकारलं. तुझी नजर कुठे कुठे असते, म्हणाल्या. प्रणाली हलली नाही. तेव्हा त्या तशाच ओल्या हाताने खोलीच्या उंबऱ्यावर बसल्या आणि रडायला लागल्या. चार वर्षांत सासूला रडताना तिने कधी पाहिलं नव्हतं. ती त्यांच्या शेजारी बसली. रडत रडत त्या एवढंच म्हणाल्या, की मी बाजूला बसले असते तर देवीचं कोणी केलं असतं? तू ही अशी, महिन्यातून दोनदा बाहेर. घरात दुसरी बाई कोण?

बाजूला न बसण्यासाठी त्यांनी वर्षभर ते रक्त लपवलं होतं. दुखत नव्हतं, जास्ती जात नव्हतं, मग सांगायचं कशाला? सांगितलं की देवघर बंद.

मी तपासलं. सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर जाड दिसत होतं. आतला छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला तेव्हा मी नितेशलाही बोलावून घेतलं. तो कंपनीच्या गणवेशातच आला आणि कोपऱ्यात उभा राहिला.

कॅन्सर हा शब्द मी कधी फिरवून सांगत नाही. फिरवला की माणसं जास्त घाबरतात. "मथुराबाई, पिशवीच्या आतल्या अस्तरात कॅन्सरची सुरुवात आहे," मी म्हटलं. "सुरुवात आहे, हे नीट ऐका. पिशवी काढायची. बाहेर पसरलेला दिसत नाहीये. बऱ्याचदा एवढ्यावर काम भागतं."

 मथुराबाईंनी माझ्याकडे टक लावून पाहिलं.

"मना मरायचं नाय इतक्यात," त्या म्हणाल्या.

"मग मरू नका," सुनंदा सिस्टर दारातून म्हणाल्या. "तारीख घेऊन टाका ऑपरेशनची."

अशा मोठ्या ऑपरेशनला माझं प्रसूतिगृह पुरेसं नव्हतं. माझ्या ओळखीचे एक सर्जन होते, त्यांच्याकडे पाठवलं. तारीख मिळाली ती नवरात्रातली. घरात घट बसलेले, आणि घटाचं सगळं आजवर मथुराबाईंच्या हातचं. नितेश म्हणाला, नवरात्र झाल्यावर करू. मला वाटलं, आता हे लांबणार. पण मथुराबाईच म्हणाल्या, "नको. प्रणाली करंल." त्यांनी चार दिवस तिला बाजूला बसवून, म्हणजे या वेळी देवघरात स्वतःच्या बाजूला बसवून, सगळं शिकवलं. माळ कशी, दिवा कसा, नैवेद्य कशाचा.

ऑपरेशन चांगलं झालं. तिसऱ्या दिवशी मी त्यांना भेटायला गेले. त्या उशांना टेकून बसल्या होत्या. चेहरा उतरलेला, पण आवाज परत आलेला. वॉर्डातल्या मावशींना त्या भाजी कशी करावी ते सांगत होत्या. तेवढ्यात फोन वाजला. नितेशने तो स्पीकरवर लावून त्यांच्या हातात दिला. प्रणाली होती.

"आई," ती घाबरलेल्या आवाजात म्हणाली, "दिवा लावायची वेळ झालीय आणि मला आत्ताच डाग लागला. काय करू? शेजारच्या काकूंना बोलावू का?"

नितेश खिडकीकडे तोंड फिरवून उभा राहिला. मथुराबाईंनी डोळे मिटले.  या घरात त्या प्रश्नाचं उत्तर माझ्या हातात कधीच नव्हतं.

"कंच्या दिवसाचं हाय?" त्यांनी विचारलं.

"मधलंच आहे, आई."

"मंग त्ये तुजं अंड्याचं हाय," मथुराबाई म्हणाल्या. "जा. हातपाय धू आनि दिवा लाव."

 मग प्रणाली म्हणाली, "लावू?"

"लाव म्हनते ना. मी वरीसभर तसंच केलं बाय. तशीच बसायची मी तिच्यापुढं. ती कोपली नाय. कोपली असती तर मना डाक्टरकडं कशाला धाडलं असतं?"

फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या चित्रानं नाय पटलं हो मना," त्या म्हणाल्या. जणू मला फार अभिमान वाटू नये याची काळजी घेत होत्या.

मला वाटला तो वाटलाच. पण त्यात माझा वाटा किती होता, हे मलाही माहीत आहे. मी एक चित्र काढलं होतं. उंबऱ्यावर सासूच्या शेजारी बसली ती प्रणाली.

पिशवीचा रिपोर्ट आला. आजार अस्तरापुरताच होता, पुढे काही घ्यायची गरज नव्हती. फक्त ठरावीक काळाने तपासणी. मी प्रणालीला म्हटलं, आता तू स्वतःकडे बघ. ती म्हणाली, आधी आई हिंडू-फिरू देत. तिने सासूला आंघोळ घालण्यापासून सगळं केलं. मूल व्हायची घाई अख्ख्या गावाला होती. तिला आता नव्हती. पाळीचे पाच दिवसही ती त्या काळात मागे गेली नाही, कारण गेली असती तर सासूला पाणी कोण देणार? आणि एकदा मोडलेला नियम पुन्हा कोणी घातला नाही. यावर त्या घरात कधी चर्चा झाली नाही. मलाही हे बरंच नंतर, बोलता बोलता कळलं.

दिवस राहिले ते त्यानंतर काही महिन्यांनी. पहिल्या वेळी सातव्या आठवड्यात पडलं. प्रणाली खचली. मथुराबाई तिच्याबरोबर माझ्याकडे आल्या आणि मला काही बोलू न देता तिला म्हणाल्या, "राहतंय ह्ये तर कललं ना? आता परत राहील." एवढं नेमकं समुपदेशन मी कोणत्याही पुस्तकात वाचलेलं नाही. आणि परत राहिलं. मी बाळंतपणं बंद केली होती, तरी त्यांच्या हट्टापायी दुसऱ्या हॉस्पिटलात जाऊन डॉक्टरांच्या शेजारी उभी राहिले. मुलगी झाली. नितेश रात्रपाळी करून थेट आला होता. त्याने मुलीला हातात घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, ही झोपते तेव्हा मी जागा असतो. आमचं जमेल."

ती मुलगी आता चालते.

मथुराबाई अजून तपासणीला येतात, आणि एकट्या येत नाहीत. नितेशची गाडी भरून गावातल्या बायका येतात. कोणाची पाळी लांबलेली, कोणाची तांबी, कोणाला काहीच नसतं, नुसती भीती असते. सिस्टर म्हणतात, या बाईला पगारावर ठेवा नाहीतर बाहेर तरी बसवा. आमच्या बाकावर आता एकमेकींशी हळू बोलायची सोयच राहिलेली नाही.

परवाचीच गोष्ट. मी आत एका बाईला तपासत होते. बाहेर मथुराबाई आणि प्रणालीच्या शेजारी एक कॉलेजातली मुलगी आईबरोबर येऊन बसली होती. सिस्टरांनी तिला हळूच विचारलं, काय त्रास आहे?  आई म्हणाली, "तसं काही नाही, जरा अशक्तपणा आहे." मग मथुराबाईंचा आवाज आला, माझ्या बंद दारातून स्वच्छ.

"मधीच लाल जातं का गो, बाय?"

 मी हातातलं काम थांबवलं. त्या पोरीची आई आता उठून निघून जाणार, असं मला वाटलं.

"हो," मुलगी म्हणाली.

"मंग लाजतेस काय? मनाबी गेलं. हिलाबी जातं. सरक, तुजा नंबर पयला."